दोनच माणसांची गाडी

भात झाला का ते पाहावं म्हणून चांदबीनं पातेल्यावरचं झाकण उचललं, तर आत भात नव्हता. पातेल्यावर आडवं उलथनं ठेवलं होतं, त्याला तीन दोरे बांधले होते आणि दोऱ्यांच्या टोकांना पितळेच्या तीन वस्तू उकळत्या पाण्यात डुंबत होत्या. भाताचं पातेलं गॅसवरून उतरवून कट्ट्याच्या कोपऱ्यात सारलेलं होतं. तांदूळ अर्धे कच्चे.

"आवं, हे काय शिजायला घातलंय?"

"झाकण ठेव, झाकण ठेव!" पीरमहंमद बाहेरून ओरडतच आत आला. त्याच्या हातात काचेचा लांबलचक थर्मामीटर होता, दूध संघात वापरतात तसला. "थर्मोस्टॅट हायती. कुठला किती डिगरीला उघडतो ते बघायलोय."

"आन् भात?"

"भात काय, कितीबी डिगरीला शिजतो."

चांदबीनं झाकण जागेवर ठेवलं आणि कपाळाला हात लावला. तिच्या घरात आजवर पुष्कळ गोष्टी शिजल्या होत्या, पण गाडीचे भाग शिजायची ही पहिलीच वेळ.

पीरमहंमद नदाफचं सांगलीत गाद्यांचं दुकान. आजोबा कापूस पिंजायचे, वडिलांनी दुकान टाकलं, त्यानं ते वाढवलं. सांगलीकरांना उबेत झोपवायचं हा घराण्याचा पिढीजात धंदा. आणि आता साठीच्या उंबरठ्यावर या माणसाला एकच ध्यास लागला होता, एक गाडी गार कशी ठेवायची.

गाडी महाबळेश्वरची. तिथल्या एका हॉटेलात नव्या गाद्या पोचवायला तो गेला होता. गाद्या उतरवता उतरवता त्याला मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली काहीतरी लाल दिसलं. मालकाच्या वडिलांनी हौसेनं परदेशातून आणलेली, शर्यतीच्या गाडीसारखी बुटकी, दोन दारांची, दोन माणसांची गाडी. मालकाला शेड मोकळी हवी होती. गाद्या उतरल्या आणि रिकाम्या टेम्पोत ही गाडी चढली. दिवे लावले की तिच्या नाकाडातून दोन डोळे टपकन वर यायचे, म्हणून गल्लीनं तिचं नाव बेडूक ठेवलं.

या वयात असली गाडी कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. पीरमहंमद हसून वेळ मारून न्यायचा. खरं कारण त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. लग्न झाल्यापासून तो आणि चांदबी दोघंच असे कुठे गेलेच नव्हते. आधी टेम्पो होता, तेव्हा मागे गाद्या आणि मध्ये हमाल. मग मोठी गाडी आली, तर तिच्यात मुलं, सासू, नणंदा, नणंदांची मुलं. "जागा हाय न्हवं?" म्हणत कुणी ना कुणी चढायचंच, आणि नदाफांच्या घरात जागा नाही म्हणायची पद्धत नव्हती. या लाल गाडीत मुळात जागाच नव्हती. त्याला ती एवढ्याचसाठी आवडली. पण बायकोला हे सांगायचं म्हणजे भलतंच अवघड काम. गाद्यांच्या मापांपलीकडे काही बोलून दाखवायची सवयच नव्हती त्याला.

गाडी दुरुस्त केली कुपवाडच्या यासीननं. यासीन लांबच्या नात्यातला, गॅरेजवाला, हाताला चांगला. पण त्याची कामाची एक ठरलेली रीत होती. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातल्या पाण्याच्या वाटेवरचा दरवाजा. पाणी पुरेसं तापलं की तो उघडतो आणि पाणी गार व्हायला पुढच्या जाळीत सोडतो. यासीन हा दरवाजा काढूनच टाकायचा. आणि जाळीमागचा पंखा आपोआप लागावा म्हणून जो स्विच असतो, तोही काढून पंख्याची वायर थेट एका बटणाला जोडायचा. लाल गाडीत त्यानं स्टिअरिंगशेजारी घरातल्या दिव्याचं पांढरं बटण बसवलं होतं. ताप वाढला की दाबायचं.

मे महिन्यात पीरमहंमद पहिल्यांदा चांदबीला घेऊन निघाला. वाईच्या पुढे पसरणी घाटात तो तिला खालचं धरण दाखवत होता, ती विचारत होती तेवढं सगळं सांगत होता, आणि त्या नादात बटण दाबायचं राहिलं. वळणावर बॉनेटमधून वाफेचा लोट उठला. पुढची सगळी दुपार घाटातच गेली. गाडी निवली, पाणी भरलं, आणि दोघं महाबळेश्वर न बघताच परत आले.

दोन आठवड्यांनी त्यानं पुन्हा विचारलं, तर चांदबी म्हणाली, "मी न्हाई बसायची त्या गाडीत."

"का गं?"

"का म्हंजे? न्हाई बसायची."

गाडी तापते म्हणून ही बसत नाही, असा अर्थ पीरमहंमदनं काढला. नवरे लोकांचं हे असंच. हाताशी जे कारण सापडेल ते उचलायचं आणि पुढचा शोध बंद करायचा. तेव्हापासून रविवारी तो एकटाच गाडी काढायचा. शेजारची रिकामी जागा बघितली की त्याला स्वतःचीच लाज वाटायची, आणि गल्लीचं टोक गाठून तो परत फिरायचा. चांदबी पुन्हा त्या जागेवर बसली नाही तर ही गाडी घेऊन काय मिळवलं, हा एकच प्रश्न त्याला दिवसभर टोचायचा.

मग दुकानात, नव्या गाद्यांच्या थप्पीवर बैठक बसली. एका बाजूला यासीन. दुसऱ्या बाजूला कडेगावचा आकाराम, पीरमहंमदचा शाळेतला मित्र, फौजेत आयुष्यभर ट्रक चालवून आलेला आणि आता ऊस लावणारा.

"चाचा, थर्मोस्टॅट पायजेच कशाला?" यासीन म्हणाला. "आपल्याकडं बर्फ पडतोय व्हय?"

"याचं ऐकू नगंस गड्या," आकाराम म्हणाला. "लेहला आमी जाळीफुडं पुठ्ठा बांधायचो, इंजन गरम ऱ्हावं म्हणून. गार इंजन म्हंजे उपाशी बैल. चालंल, पर कुथत."

"मामा, ही सांगली हाय. हितं मानसंच उकडत्यात."

"आन् गाडी जाणार कुठं? म्हाबळेश्वरला! तिथं काय उकडतंय व्हय रं?"

शेवटी एवढं ठरलं की थर्मोस्टॅट बसवायचा आणि पंख्याचा स्विचही बसवायचा, म्हणजे बटण विसरायची भानगडच नको. पण कुठला? थर्मोस्टॅट एकाहत्तर डिग्रीला उघडणारा मिळत होता, ब्याऐंशीचा मिळत होता, अठ्ठ्याऐंशीचाही मिळत होता. स्विच एक पंच्याऐंशीला पंखा लावणारा, एक पंच्याण्णवला. आणि दोघांची जोडी जमायला हवी. दरवाजा उघडायच्या आधीच पंखा लागायला लागला, तर तो बिचारा दिवसभर फुकट फिरत राहणार.

चहा घेऊन आलेली चांदबी दारात थांबून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हंजे दूध वर आलं की फुंकर मारायची. गार दुधावर फुंकत बसायचं न्हाई. एवढ्यासाठी सकाळपास्नं बसलाय व्हय तुमी?"

"वहिनी, तुमी गॅरेज काढा," आकाराम म्हणाला.

"नको बाबा. एक मानूस त्यात गेलंय तेवढं पुरं हाय." ती कप ठेवून आत निघून गेली. तिच्या आवाजातला कडवटपणा कुणाच्या लक्षात आला नाही. तिघांचंही लक्ष फुंकर कितीला मारायची याकडे होतं.

तीन थर्मोस्टॅट आणि दोन स्विच पार्सलनं घरी आले. पेटीवरच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नसतो, उकडून बघायचं असतं, असं यासीननं सांगितलं होतं. तेव्हापासून गॅसच्या एका बर्नरवर पीरमहंमदनं ताबा मिळवला होता.

भात पुन्हा गॅसवर चढला तोच दारात चांदबीची थोरली बहीण आणि तिचा नवरा उभे राहिले. मिरजेहून आले होते, मुलाच्या लग्नाचं आवतण घेऊन. चांदबी गडबडीनं बाहेर गेली आणि जाता जाता म्हणाली, "आवं, चहाचं आधण ठेवा जरा."

पीरमहंमदनं पाहिलं, आधण तर तयारच होतं. चांगलं ब्याण्णव डिग्रीचं. एवढं तापलेलं पाणी ओतून द्यायचं आणि गार पाणी नव्यानं तापवायचं, हे त्याच्या व्यापारी मनाला पटेना. थर्मोस्टॅट कोरे करकरीत होते, घासूनपुसून पाण्यात सोडलेले. त्यानं दोरे धरून ते बाहेर काढले, त्याच पाण्यात साखर, चहा आणि दूध टाकलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन उकळी येऊ दिली. एक दोरा हलका लागला होता. पण दोरा हलका का लागतो याचा विचार माणूस चहा करताना करत नाही.

चांदबी कप भरायला आली. पहिला भरला, दुसरा भरला, दोन्ही बाहेर देऊन आली, तर तिसऱ्याला गाळणीत खणकन आवाज झाला. चहापत्तीतून पितळेची एक चकती तिच्याकडे बघत होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं छताकडे पाहिलं. तोवर दोन कप बाहेर पोचले होते.

"चहात काय घालतासा?" साडूंनी पहिला घोट घेऊन विचारलं. "येगळीच चव हाय."

"गावठी मसाला," पीरमहंमद घाईनं म्हणाला.

"झ्याक हाय. आंगात ऊब आल्यागत वाटतंय. आनिक हाय का?"

होता. साडूंनी दुसरा कप घेतला आणि लग्नात आचाऱ्याला हाच मसाला द्यायचं कबूल करवून घेतलं. बहीण चांदबीला म्हणाली, "ती लाल गाडी दावलीच न्हाईस मला. लग्नाला येताना तीच आणा, जाताना मी बसीन."

"न्हाई जमायचं बया," चांदबी म्हणाली. "तिच्यात दोघांचीच जागा हाय." हे सांगताना तिची मान किंचित ताठ झाली होती. पीरमहंमदला ते दिसायला हवं होतं. पण तो मसाल्याच्या काळजीत होता.

पाहुणे गेले आणि स्वयंपाकघराचं दार त्याला बंद झालं. "चुलीजवळ फिरकायचं न्हाई," चांदबी म्हणाली, आणि तिचा आवाज असा होता की त्यानं थर्मामीटरसुद्धा मागितला नाही. तपासणी अर्धवट राहिली. कुठला थर्मोस्टॅट खरा, कुठला स्विच खोटा, काही कळायला मार्ग उरला नाही. मग घाबरलेला माणूस करतो तेच त्यानं केलं. तिन्हीतला सगळ्यात लवकर उघडणारा, चहातून निघाल्यापासून मिटायचंच विसरलेला थर्मोस्टॅट घेतला, दोन्हीतला लवकर लागणारा स्विच घेतला आणि यासीनला दोन्ही बसवायला लावले. वर यासीनचं पांढरं बटणही राहू दिलं, आणि ठरवलं की ते घरून निघतानाच दाबायचं आणि परत येईपर्यंत सोडायचं नाही.

"अरं, ती गाडी हाय का फ्रीज?" आकाराम फोनवर ओरडला.

"असू दे. चांदबी बसंल तरी."

परीक्षा म्हणून एका भर दुपारी त्यानं घरासमोर गाडी चालू करून उभी ठेवली. पंखा असा घोंघावत होता की समोरच्या दोरीवरचे कपडे वाळले. गल्ली गोळा झाली. ताप दाखवणारा काटा जो तळाला पडला होता तो जागचा हलला नाही. पीरमहंमद काट्याकडे बोट दाखवून वर गच्चीत उभ्या असलेल्या चांदबीला खुणा करत होता, हसत होता, घाम पुसत होता. त्याच्या मनगटावर वाफेनं भाजल्याचा डाग होता. चांदबीनं तो डाग पाहिला, आणि बिचाऱ्याचं इतकं चाललंय तर नाही कसं म्हणायचं, असं तिला वाटलं.

"कवा जायाचं?" तिनं वरूनच विचारलं.

जानेवारीतल्या एका रविवारी दोघं निघाले. दुकान बंद, मुलांना सक्त ताकीद, आणि पांढरं बटण दाबलेलं. पीरमहंमदचा एक डोळा रस्त्यावर आणि एक काट्यावर. कराड आलं. चांदबी म्हणाली, "जरा च्या घेऊया का?"

"आता नगं. गाडी लयीत आलीया."

सातारा आला. कंदी पेढ्यांच्या पाट्या दिसल्या.

"येताना घेऊ," तो म्हणाला. "थांबलं की तापती. बघ, काटा हाय का जागेवर?"

काटा जागेवर होता. गारवा मात्र वाढत होता. पायाशी गरम हवा सोडायची सोय गाडीत होती, पण गरम हवा यायला गरम पाणी लागतं, आणि गरम पाणी या गाडीत औषधालाही नव्हतं. त्या झडपेतून येत होता तो थेट लेहचा वारा. मेढा सोडून केळघर घाट लागला तेव्हा गाद्या-रजयांच्या व्यापाऱ्याची बायको शालीत गुरफटून कुडकुडत होती. तोही कुडकुडत होता, पण विजयानं.

"आर्ध्या तासात पोचतो बघ!" तो पंख्याच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाला. "कुठं बी थांबायची गरज न्हाई. आता ही जन्मात तापत न्हाई."

त्यानं वळून पाहिलं, तर तिचा चेहरा पडलेला.

"का गं? बरं वाटंना का?"

"जन्मात तापायची न्हाई व्हय?"

"न्हाई म्हणतोय न्हवं!"

"म्हंजे कुठंच थांबायची न्हाई."

"अगं, त्याच्यासाठीच तर येवढं केलं! तू म्हणालीस न्हवं, बसायची न्हाई म्हणून? तापली म्हणूनच न्हवं?"

चांदबीनं शाल नीट केली. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "तापली तवा तुमी दुपारभर माझ्यापाशी बसला होता. दुकान न्हाई, फोनला रेंज न्हाई. तुमी तुमच्या लहानपणीचं सांगत होता. तळ्यात पडला होता ते. येवढ्या वर्सात मला ते म्हाईतच नव्हतं. मी मनात म्हणलं, या अल्ला, ही गाडी अशीच तापू दे."

पीरमहंमदचा ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप सैल पडला. "मग बसायची न्हाई का म्हणालीस?"

"दुसऱ्या दिवसापास्नं तुमी त्या गाडीच्या पोटातच शिरला की! जेवताना डिगरी, झोपताना डिगरी. मला वाटलं, मी न्हाई बसले तर तुमचा नाद सुटंल, आन् पुन्ना घरात बोलायला मानूस मिळंल. तर तुमी चुलीवर आला."

इतके महिने तो ज्या गोष्टीसाठी झटत होता, तीच तो हातानं दूर सारत आला होता. एक वळण गेलं, दुसरं गेलं. मग मोठ्या मुश्किलीनं, रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "ही गाडी मी का घेतली म्हाईत हाय?"

"का?"

"तिच्यात तिसरं मानूस बसत न्हाई."

चांदबीनं त्याच्याकडे पाहिलं.

पुढच्या वळणावर रस्त्याच्या कडेला थोडी सपाट जागा होती, खाली दरीत ऊन पसरलं होतं. पीरमहंमदनं गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?" चांदबीनं विचारलं.

"तापली."

चांदबीनं काट्याकडे पाहिलं. काटा तळाशी गाढ झोपला होता. स्वयंपाकघरात इतके दिवस डिग्र्या ऐकून तिला आता तो चांगला वाचता येत होता.

"व्हय की," ती म्हणाली. "लयच तापलीया."

दोघं बाहेर येऊन उन्हात बसले. एवढ्यात वरून स्ट्रॉबेरीचे खोके भरलेला पिकअप आला. लाल गाडी बघून ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि पाण्याचा कॅन घेऊन उतरला. घाटातला माणूस, गाडी उभी दिसली की पाणी विचारायचं ही त्याची रीत.

"काका, गरम झाली का? पानी घाला."

"झालीय जरा," पीरमहंमद चाचरत म्हणाला.

ड्रायव्हरनं बॉनेटवर तळहात टेकवला, आणि चपापून पुन्हा टेकवला. "आवं, ही तर बर्फागत गार हाय!"

पीरमहंमद दरीकडे बघू लागला. चांदबीनं मात्र पापणीही न हलवता सांगितलं, "परदेशी गाडी हाय ती, भाऊ. लय तापली की अशीच गार पडती. मग दोन-तीन तास हलवायचीच न्हाई."

"असं व्हय," ड्रायव्हर म्हणाला. त्यानं गाडीकडे आदरानं पाहिलं, ओंजळभर स्ट्रॉबेऱ्या चांदबीच्या पदरात घातल्या आणि तो निघून गेला.

पिकअप वळणाआड जाताच पीरमहंमद सवयीनं उठला आणि बॉनेटकडे निघाला.

"कुठं निघाला?"

"न्हाई, म्हणलं जरा उघडून बघतो..."

"बसा खाली," चांदबी म्हणाली. "तळ्यात पडला होता, त्याच्या फुडचं राहिलंय."